विश्लेषण : हप्ता परवडतो, पण वस्तू परवडते का? पैशांच्या नेहमीच्या चुका नेमक्या कुठे होतात?

मोबाइल असो, दुचाकी असो की परदेश सहल. जाहिरातीत आता किंमत बारीक अक्षरांत असते आणि मासिक हप्ता ठळक अक्षरांत. ‘महिना फक्त १,९९९ रुपये’ हे वाचून मनात प्रश्न येतो तो एवढाच, की दर महिन्याला एवढे जमेल का? बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असते आणि चूक तिथेच सुरू होते. घरखर्चाचे गणित बिघडण्यामागे उधळपट्टीपेक्षा अनेकदा समोर ठेवलेल्या एका सोयीच्या आकड्यावर विसंबण्याची सवय असते. कर्जात हा आकडा हप्त्याचा असतो, विम्यात ‘दुप्पट’ मिळण्याचा, तर ठेवीत व्याजदराचा. या आकड्यांमागचा हिशेब काय आणि तो घरबसल्या कसा तपासायचा, याविषयी.

हप्ता आपल्याला कसा फसवतो?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. हप्त्यांमुळे मात्र अंथरूण किती लांब आहे हेच कळेनासे होते. एक साधे उदाहरण घेऊ. हातात येणारा पगार ४० हजार रुपये. घरभाडे १० हजार, किराणा, दूध, गॅस, वीज मिळून ११ हजार, मुलांची शाळा आणि प्रवास ६ हजार. म्हणजे २७ हजार ठरलेले. उरले १३ हजार. आता हप्ते पाहा. दुचाकीचा ३,२००, मोबाइलचा २,०००, टीव्हीचा १,८०० आणि घरातील लग्नासाठी घेतलेल्या वैयक्तिक कर्जाचा ४,५०० रुपये. यातला एकही हप्ता पगाराच्या १२ टक्क्यांपुढे जात नाही, त्यामुळे घेताना प्रत्येक हप्ता परवडणाराच वाटतो. पण चारही मिळून ११,५०० रुपये होतात. महिनाअखेर हातात राहतात फक्त १,५०० रुपये. दवाखान्याचे एक बिल, गावी जाण्याचे एक तातडीचे कारण किंवा एक महिना उशिरा झालेला पगार, यांपैकी काहीही घडले की पाचवे कर्ज घ्यावे लागते. हेच चार हप्ते वर्षाच्या हिशेबात मांडले तर १ लाख ३८ हजार होतात, म्हणजे जवळपास साडेतीन महिन्यांचा पगार. महिन्याचा आकडा वर्षात बदलून पाहणे हीच हप्त्याची खरी परीक्षा आहे.

‘किमान देय रक्कम’ भरली की काम झाले?

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. एक एकूण देय रकमेचा आणि दुसरा किमान देय रकमेचा. दुसरा आकडा लहान असल्याने अडचणीच्या महिन्यात तोच भरला जातो. त्यामुळे उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. अनेक कार्डांवर महिना साधारण साडेतीन टक्के व्याज लागते. म्हणजे वर्षाला ४२ टक्के. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी.

समजा, ५० हजार रुपये थकले आहेत आणि किमान रक्कम थकबाकीच्या पाच टक्के आहे. पहिल्या महिन्यात तुम्ही २,५०० रुपये भरता. त्यातले १,७५० व्याजाचे, ३१५ जीएसटीचे. मूळ थकबाकी कमी होते ती फक्त ४३५ रुपयांनी. कार्डावर एकही नवी खरेदी न करता वर्षभर असेच किमान पैसे भरत राहिलात, तर सुमारे २८,६०० रुपये भरूनही जवळपास ४५ हजार रुपये बाकी राहतात. याउलट महिना ५ हजार ठरवून भरले, तर हीच थकबाकी चौदाव्या महिन्यात संपते.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मागील बिलातील थोडीही रक्कम बाकी राहिली, तर नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी दिवसांची सवलत संपते आणि खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. कार्डावर एटीएममधून रोख काढली तर मुळात ही सवलतच नसते. व्याजाला कायद्याने मर्यादा असेल, असाही समज आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांहून अधिक वार्षिक व्याज आकारणे अनुचित ठरवले होते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे संपूर्ण बिल वेळेत भरणे हेच कार्डधारकाचे खरे संरक्षण.

१२ टक्के व्याज साडेएकवीस टक्के कसे होते?

वाहन किंवा घरगुती वस्तूंसाठी कर्ज देताना अनेकदा ‘फ्लॅट रेट’ सांगितला जातो. यात व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत आकारले जाते. दर महिन्याला तुम्ही मुद्दल फेडत आहात, याचा विचारच केला जात नाही. एक लाख रुपये, दोन वर्षे, १२ टक्के फ्लॅट रेट असेल तर व्याज होते २४ हजार आणि हप्ता येतो सुमारे ५,१६७ रुपये. हेच कर्ज १२ टक्क्यांनीच, पण घटत्या मुदलावर घेतले, तर हप्ता येतो सुमारे ४,७०७ रुपये आणि एकूण व्याज होते १३ हजारांच्या आत. दोन्हीकडे सांगितलेला दर एकच, पण फरक ११ हजारांचा. फ्लॅट रेटचे हे कर्ज प्रत्यक्षात वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्क्यांना पडते. म्हणून ‘दर किती’ याच्याआधी ‘दर कशावर’ हे विचारायला हवे. उत्तर गोलमोल मिळाले, तर हप्त्याला महिन्यांनी गुणायचे आणि त्यातून घेतलेली रक्कम वजा करायची. उरते ते व्याज. हा गुणाकार मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होतो.

‘नो कॉस्ट ईएमआय’ खरेच बिनखर्ची असतो?

पैसे उधार देणारा कोणीही फुकट देत नाही. बिनव्याजी हप्त्यांत ते व्याज सहसा विक्रेता किंवा उत्पादक सोसतो, किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्त्यावाल्याला मिळत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही. क्रेडिट कार्डावरील अशा योजनेत व्याजाइतकी रक्कम सवलत म्हणून वळती झाली, तरी व्याजावरील जीएसटी ग्राहकाच्या माथी येतो. प्रक्रिया शुल्क असेल तर ते वेगळे.

याचा अर्थ ही सोय नेहमीच वाईट, असा नाही. वस्तू गरजेची असेल, रोखीच्या आणि हप्त्याच्या किमतीत फरक नसेल आणि पैसे बँकेत तयार असतील, तर हप्ते घेण्यात तोटा नाही. फक्त दुकानदाराला एक प्रश्न आधी विचारावा : ‘आत्ता पूर्ण पैसे दिले तर कितीला द्याल?’ या उत्तराशी हप्त्यांची बेरीज ताडून पाहिली की ‘नो कॉस्ट’ची खरी कॉस्ट समजते.

कर्ज घेताना कोणता कागद मागायचा?

रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी बँका आणि वित्तसंस्थांना ग्राहकाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य तपशिलांचे पत्रक द्यावे लागते. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, अशीही अट आहे. त्यात ‘वार्षिक टक्केवारी दर’ म्हणजे एपीआर असतो. व्याज, प्रक्रिया शुल्क आणि कर्जासोबत वसूल केले जाणारे इतर खर्च धरून कर्ज वर्षाला किती टक्क्यांना पडते, हे त्यातून कळते. दोन कर्जांची तुलना याच आकड्यावर करावी. पत्रकात न दाखवलेले शुल्क नंतर कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीला मात्र हा नियम लागू नाही.

व्यवसायासाठी नसलेल्या वैयक्तिक कर्जाचा व्याजदर बदलता असेल, तर ते मुदतीआधी फेडल्याबद्दल बँक दंड आकारू शकत नाही, हेही लक्षात ठेवावे. दिवाळीचा बोनस घरकर्जाच्या मुद्दलात भरायचा असेल, तर ही तरतूद उपयोगी पडते.

विम्यातली ‘दुप्पट’ रक्कम किती खरी?

कर्जात हप्ता पाहून जी चूक होते, तीच विमा घेताना वेगळ्या रूपात होते. दरवर्षी ५० हजार रुपये २० वर्षे भरा, १० लाख भरून साडेएकोणीस लाख मिळवा, असा प्रस्ताव आला तर पैसे जवळपास दुप्पट झाल्याचे दिसते. पण हा परतावा वर्षाला साधारण सहा टक्केच पडतो. हेच ५० हजार दरवर्षीच्या सुरुवातीला पीपीएफमध्ये भरले आणि १५ वर्षांनंतर खाते पाच वर्षांनी वाढवले, तर सध्याचा ७.१ टक्के दर कायम राहिल्यास सुमारे २२ लाख १९ हजार होतात. दर तिमाहीला सरकार हा दर ठरवते, त्यामुळे तो बदलू शकतो. तरीही तुलना करण्याची पद्धत तीच राहते.

यापेक्षा मोठी चूक संरक्षणाची आहे. अशा पॉलिसीतून समजा १० लाखांचे विमाछत्र मिळाले, तर वर उल्लेख केलेल्या, महिना २७ हजार खर्चाच्या कुटुंबाला ते जेमतेम तीन वर्षे पुरेल. ज्या माणसाच्या कमाईवर घर चालते, त्याच्यासाठी आधी केवळ संरक्षण देणारा मुदतीचा विमा आणि बचत मात्र वेगळ्या जागी, हा क्रम अधिक सुरक्षित. कर वाचवण्यासाठी मार्चमध्ये घाईने पॉलिसी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०-सी कलमाची वजावट मिळत नाही. म्हणजे जो कर वाचवण्यासाठी पॉलिसी घेतली, तो अनेकांचा वाचतच नाही. चुकीची पॉलिसी गळ्यात पडली असेल, तर कागदपत्रे मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याची मुभा आहे. म्हणून पॉलिसी हाती आली की कपाटात ठेवण्याआधी वाचावी.

ठेवीवर एक-दोन टक्के जास्त मिळत असतील तर?

तिथे पहिला प्रश्न व्याजाचा नसून पैसे परत मिळण्याचा असतो. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदारांना खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. मुंबई महानगरातील असंख्य कुटुंबांची लग्ने, शस्त्रक्रिया, शाळेच्या फिया त्या एका निर्णयाने अडकल्या. त्या वेळी ठेव विम्याची मर्यादा एक लाख रुपये होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. २०२१ मधील कायदा दुरुस्तीनंतर बँकेवर असे निर्बंध आले, तर विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद आहे.

पण ही मर्यादा प्रत्येक ठेवीदारासाठी, प्रत्येक बँकेसाठी आणि मुद्दल-व्याज मिळून आहे. एकाच बँकेच्या तीन शाखांत पाच-पाच लाख ठेवले, म्हणून १५ लाखांना संरक्षण मिळत नाही. पतसंस्था या बँका नाहीत. हे ठेव विम्याचे संरक्षण त्यांना लागू नाही. ओळखीचे संचालक, गावातले कार्यालय आणि रोज दारात येणारा पिग्मी एजंट यांमुळे विश्वास वाटणे साहजिक आहे. तरी निवृत्तीची सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवण्याइतका तो विश्वास पुरेसा नाही. बँकेपेक्षा ठळकपणे जास्त दर मिळत असेल, तर तो जादा दर म्हणजे जादा जोखमीचे भाडे आहे, असे समजावे.

चुका टाळण्यासाठी सुरुवात कुठून करायची?

गुंतवणुकीच्या सल्ल्यांचा पूर वाहत असला, तरी पहिली पायरी गुंतवणुकीची नाही. घरात तीन महिन्यांच्या खर्चाइतका राखीव निधी असणे ही पहिली पायरी आहे. पुढे तो सहा महिन्यांपर्यंत न्यावा. तो बचत खात्यात किंवा लगेच मोडता येणाऱ्या मुदत ठेवीत असावा. त्यावर व्याज कमी मिळते हे खरे. पण हा निधी नसेल तर पहिले आजारपण थेट ४२ टक्क्यांच्या कार्डावर जाते. २७ हजार खर्चाच्या घराला ८१ हजार लागतील. महिना १,५०० रुपये बाजूला काढून ते जमायला साडेचार वर्षे लागतात. वरच्या उदाहरणातील मोबाइल आणि टीव्हीचे हप्ते संपल्यावर ते ३,८०० रुपयेही याच खात्यात वळवले, तर महिना ५,३०० होतात आणि हाच निधी १६ महिन्यांत उभा राहतो. म्हणून एक हप्ता संपला की दुसरा घेण्याऐवजी तीच रक्कम तशीच स्वतःला ‘भरत’ राहणे ही सर्वात सोपी बचत ठरते.

भिशीत आपण हेच करत आलो आहोत : ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम आधी बाजूला काढायची आणि उरलेल्यात घर चालवायचे. भिशीला कायद्याचे संरक्षण नसते. पण तिची शिस्त बँकेच्या आवर्ती ठेवीत आणता येते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती होण्याची सूचना एकदा दिली, की दर महिन्याला मनाशी झगडावे लागत नाही.

आधीच हप्त्यांत अडकलेल्यांनी काय करावे?

कागदावर सर्व कर्जे एकाखाली एक लिहावीत : बाकी रक्कम, वार्षिक दर, उरलेले महिने. ही यादी घरातल्या माणसांसमोर करावी, कारण लपवलेले कर्ज बहुधा दुसऱ्या कर्जाने फेडले जाते. त्यानंतर सर्व हप्ते वेळेत भरून हाती राहणारा जादा रुपया सर्वाधिक दराच्या कर्जात भरावा. बहुधा ते क्रेडिट कार्डच असते. कमी दराचे कर्ज घेऊन कार्डाची थकबाकी फेडणे फायद्याचे ठरू शकते, पण त्यानंतर कार्डावर पुन्हा खरेदी केली तर एकाची दोन कर्जे होतात. हप्ता चुकणार हे दिसत असेल, तर तो चुकण्याआधी बँकेशी बोलून मुदत वाढवून मागावी. त्यात एकूण व्याज वाढते, हे मात्र विसरू नये.

देशातील चार पतमाहिती कंपन्यांकडून प्रत्येकी वर्षातून एकदा संपूर्ण पत अहवाल मोफत मिळतो. आपल्या नावावर न घेतलेले कर्ज तर दिसत नाही ना, हे त्यात पाहता येते. ‘पाच मिनिटांत कर्ज’ देणाऱ्या अॅपमागे कोणती बँक किंवा वित्तसंस्था आहे, हे सापडत नसेल तर ते उघडूही नये. बँकेने तक्रारीची ३० दिवसांत दखल घेतली नाही किंवा समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यासाठीची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. ऑनलाइन फसवणूक झाली असेल, तर वेळ न दवडता १९३० वर कळवावे.

प्रत्येक कर्ज ही चूकच का?

नाही. दवाखान्याचे बिल, बुडालेला हंगाम किंवा गेलेली नोकरी यांमुळे काढलेल्या कर्जाला चूक म्हणणे अन्याय ठरेल. कमाईच अपुरी असेल, तर कितीही काटेकोर हिशेबाने ती वाढत नाही. पण अशाच घरांना चुकीच्या कर्जाचा फटका सर्वात मोठा बसतो. म्हणूनच वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना सूक्ष्म कर्ज देताना, सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत, असे बंधन रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घातले. ही कमाल मर्यादा आहे; निम्मा पगार हप्त्यांत देणे योग्य, असा त्याचा अर्थ नाही.

इतरांच्या बाबतीत ही रेषा स्वतःच आखावी लागते. पुढच्या वेळी ठळक अक्षरांतला हप्ता समोर आला, तर तीन आकडे विचारावेत : सगळे मिळून किती भरायचे, एपीआर किती आणि आत्ता रोख दिले तर किंमत काय. तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत खरेदी थांबवली, तर वस्तू कुठे जात नाही. सूटही सहसा पुढच्या सणाला परत येते.